चिखलातून जीव आला म्हणून देव जातो का?

यंदाच्या गणेशोत्सवात ठाण्याला घोडबंदर रस्त्यावरच्या एका सोसायटीने आरतीनंतर परिसंवाद ठेवला होता. विषय: सृष्टीला निर्माता आहे का? बाप्पाच्या मंडपात हा विषय घ्यायला धाडस लागतं, त्याबद्दल मंडळाचं कौतुक करायला हवं. पण कौतुक तिथेच संपतं. पहिल्या वक्त्यांनी पडद्यावर पेशीचं रंगीत चित्र दाखवलं, तिची गुंतागुंत समजावली आणि निष्कर्ष काढला की हे आपोआप होणं अशक्य, म्हणजे कोणीतरी केलं. दुसऱ्या वक्त्यांनी काचेच्या चंबूचं चित्र दाखवलं, शास्त्रज्ञांनी १९५३ सालीच जीवाचे घटक प्रयोगशाळेत बनवले असं सांगितलं आणि निष्कर्ष काढला की निर्मात्याची गरज संपली. टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या. मग मोदक.

दोघांच्या बोलण्याचा पाया एकच होता आणि तोच कच्चा आहे. जीव निर्जीव पदार्थांतून आला असं ठरलं की देव बाद, आणि ते अशक्य ठरलं की देव पक्का, असा सौदा दोघांनीही न बोलता मान्य केला होता. मला हा सौदा मान्य नाही. पृथ्वीवर जीव कसा सुरू झाला हा रसायनशास्त्राचा आणि भूशास्त्राचा प्रश्न आहे. तो सुटेल, अर्धवट सुटेल किंवा कधीच सुटणार नाही. निर्माता आहे का, हा प्रश्न त्याच्या निकालावर टांगलेला नाही. मी स्वतः निर्माता मानत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कोणाला फसवल्यासारखं वाटायला नको. पण माझ्या न मानण्याची कारणं वेगळी आहेत आणि ती चंबूत सापडत नाहीत.

हा सौदा फार जुनाही नाही. आपल्याकडे सजीवांचे चार प्रकार पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले: जरायुज, अंडज, उद्भिज्ज आणि स्वेदज. उवा, ढेकूण, डास हे घामातून, ओलाव्यातून, उबेतून जन्मतात, त्यांना आईबाप लागत नाहीत, असं शास्त्रीपंडितांपासून कीर्तनकारांपर्यंत सगळे मानत. म्हणजे निर्जीवातून जीव येणं ही रोज घरात, गादीच्या शिवणीत घडणारी गोष्ट होती. त्यामुळे कोणाचा देव डळमळला? युरोपातही ॲरिस्टॉटलपासून हीच समजूत होती आणि मध्ययुगातल्या ख्रिस्ती पंडितांना तिच्यात काही अडचण दिसली नाही. १६६८ मध्ये फ्रान्चेस्को रेदीने मांस फडक्याने झाकलं, माश्या बसू दिल्या नाहीत, तर अळ्या झाल्या नाहीत. मग वाद सूक्ष्मजीवांवर सरकला. अठराव्या शतकात मटणाचा रस्सा उकळून बंद केला तरी त्यात जीव आपसूक होतात असं सांगणारा जॉन नीडहॅम कॅथलिक पाद्री होता. तुम्ही पुरेसं उकळलंच नाहीत, हे दाखवून देणारा लाझारो स्पालान्झानी हाही पाद्रीच. एकाच धर्माचे दोन पाद्री समोरासमोर उभे ठाकले आणि श्रद्धा कोणाचीच गेली नाही. उलट नीडहॅमची टर उडवत होता तो व्होल्तेर, चर्चचा हाडवैरी. हे खरं ठरलं तर नास्तिकांचं फावेल, अशी धास्ती त्याला होती! कोण कुठल्या बाजूला उभा आहे हे पाहिलं की आजच्या वक्त्यांची खात्री थोडी तरी कमी व्हायला हवी.

पुढे लुई पाश्चरने लांब वाकड्या मानेच्या चंबूंत रस्सा उकळून ठेवला आणि धूळ आत गेली नाही तर काहीच उगवत नाही हे सिद्ध केलं. तोवर फ्रान्समध्ये हा वाद धर्म विरुद्ध जडवाद असा पेटला होता. पाश्चर श्रद्धाळू होता आणि १८६४ च्या पॅरिसमधल्या सोरबॉन विद्यापीठातल्या व्याख्यानात त्याने या भांडणाचा उल्लेखही केला. पण पुढे त्याने सांगितलं की इथे धर्माला जागा नाही आणि नास्तिकतेलाही नाही, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. डार्विनची तऱ्हा आणखी मजेची. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या त्याच्या पुस्तकाच्या १८६० च्या दुसऱ्या आवृत्तीत पहिल्या जीवात प्राण फुंकला गेला त्या वाक्यात त्याने 'निर्मात्याकडून' हे शब्द घातले, तीन वर्षांनी एका पत्रात त्याबद्दल खंत केली, आणि १८७१ मध्ये उबदार छोट्या डबक्यात हे घडलं असेल का, अशी कल्पना खाजगीत लढवली. जीव सुरू कसा झाला याचं उत्तर त्याच्या उत्क्रांतिवादात नाही आणि तसा त्याचा दावाही नव्हता. आपल्याकडच्या विवेकवादी भाषणांत मात्र डार्विनने जीवाची उत्पत्ती सांगितली, असं सर्रास ठोकून दिलं जातं.

परिसंवादातला सगळ्यात वजनदार मुद्दा व्यासपीठावरून आलाच नाही. प्रश्नोत्तरांत एक निवृत्त केमिकल इंजिनिअर उठले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत हयात घालवलेले. म्हणाले, "साहेब, आम्ही शुद्ध कच्चा माल घ्यायचो, तापमान अंशाअंशाने सांभाळायचो, तरी बॅच हातची जायची आणि रिॲक्टरच्या तळाला डांबर बसायचं. ते खरवडायला माणूस आत उतरवावा लागायचा. आणि तुम्ही म्हणता डबक्यात, कोणाचं लक्ष नसताना, जीव तयार झाला?" वक्त्यांनी हसून "निसर्गाकडे वेळ भरपूर होता" असं म्हणून वेळ मारून नेली. याला उत्तर म्हणत नाहीत. बिघडलेली बॅच शंभर कोटी वर्षं तशीच ठेवली तर शंभर कोटी वर्षांचं जुनं डांबर मिळेल.

इंजिनिअरसाहेबांचा मुद्दा या विषयातल्या संशोधकांनाही छळतो. १९५३ चा तो प्रसिद्ध प्रयोग शिकागोत स्टॅन्ली मिलर या विद्यार्थ्याने हॅरॉल्ड युरी यांच्या हाताखाली केला: मिथेन, अमोनिया, हायड्रोजन, पाण्याची वाफ आणि विजेच्या ठिणग्या. ग्लायसिन, ॲलानिन ही अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांच्या विटा, मिळाली, हे खरं. पण कार्बनचा बराचसा भाग काचेवर तपकिरी चिकट डांबर होऊन बसला, हेही खरं. पुढे भूशास्त्रज्ञांना वाटू लागलं की आदिम हवेत मिथेन-अमोनियापेक्षा कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन जास्त असावेत, आणि तशा हवेत हा प्रयोग इतका सढळ हाताने देत नाही. अमिनो आम्लं मिळाली तरी ती जोडून साखळी करायची तर दर जोडाला पाण्याचा एक रेणू बाहेर टाकावा लागतो, आणि सगळीकडे पाणीच असेल तर तो बाहेर पडणार कसा? निव्वळ निर्जीव रसायनांपासून सुरुवात करून आजवर कोणीही जिवंत पेशी बनवलेली नाही. २०१० मध्ये क्रेग व्हेंटर यांच्या गटाने जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच यंत्राच्या मदतीने जोडून तयार केला, पण तो चालू करायला आधीपासून जिवंत असलेली पेशी घ्यावी लागली. 'विज्ञानाने जीव बनवला' हे वाक्य आज खोटं आहे, आणि ते विज्ञानाच्या बाजूने बोलणाऱ्याने म्हटलं म्हणून खरं होत नाही.

इतकं मान्य केल्यावर उरतं काय? बरंच उरतं. कारखान्याला एकच माल हवा असतो, ठरलेल्या शुद्धतेचा, ठरलेल्या वेळात. त्या मालाच्या तुलनेत बाकीचं सगळं डांबर. आदिम पृथ्वीला ऑर्डर पुरी करायची नव्हती. तिथे प्रश्न एवढाच की त्या हजारो पदार्थांच्या गर्दीत एखादा असा निघाला का, जो स्वतःसारखे आणखी तयार व्हायला थोडी मदत करतो. असा एक निघाला की मग टक्केवारीचा हिशेब बदलतो, कारण वाढणारा वाढत जातो आणि बाकीचे होते तिथेच राहतात. आणि कच्चा माल दुर्मीळ होता असंही दिसत नाही. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या अशनीत अमिनो आम्लं सापडली, त्यातली कित्येक पृथ्वीवरचे जीव वापरतच नाहीत. बेन्नू लघुग्रहावरून २०२३ मध्ये आणलेल्या मातीत, जीवसृष्टीची प्रथिनं ज्या वीस अमिनो आम्लांची बनतात त्यातली चौदा मिळाली आणि डीएनए-आरएनए या पेशीतली माहिती सांभाळणाऱ्या रेणूंची पाचही बेस-अक्षरं मिळाली. चंबू नाही, विद्यार्थी नाही, इंजिनिअर नाही, आणि तरीही.

पाण्याच्या अडचणीलाही वाट आहे. भांडुप-मुलुंडच्या बाजूला खाडीकाठी मिठागरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ती लगेच कळेल. भरतीचं पाणी वाफ्यात घेतलं, ऊन लागलं, पाणी आटलं आणि जे कोट्यवधी थेंबांत विरलेलं होतं ते एका थरात दाटून आलं. खडकाच्या खोलगटात असं ओलं-कोरडं चक्र फिरत राहिलं तर कोरड्या टप्प्यात साखळ्या जुळतात, ओल्या टप्प्यात पुन्हा मिसळतात. प्रयोगांत हे घडताना दिसलं आहे. बोरॉनची खनिजं सोबत असली तर आरएनएमधली रायबोज शर्करा, जी एरवी पटकन तपकिरी चिखल होते, ती टिकून राहते, असं २००४ मध्ये दाखवलं गेलं. ज्या दगडाला आपण कचरा समजतो तोच इथे निवड करत असतो. जॉन सदरलँड यांच्या गटाने २००९ मध्ये आरएनएची दोन अक्षरं, शर्करा वेगळी आणि बेस वेगळा करून जोडण्याचा अडलेला रस्ता सोडून, भलत्याच आडवाटेने तयार करून दाखवली. तोवर जे अशक्य म्हणून भाषणांत सांगितलं जात होतं ते एका निबंधानंतर फक्त अवघड राहिलं.

आधी कोंबडी की आधी अंडं, हा पेच इथेही होता. डीएनएची नक्कल करायला प्रथिनं हवीत आणि प्रथिनं बनवायला डीएनए हवं. मग आधी कोण? १९८० च्या आसपास थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांना आढळलं की आरएनए नुसता निरोप्या नाही, तो स्वतः रासायनिक कामही करू शकतो; १९८९ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. २००९ चं नोबेल ज्या तिघांना रायबोसोमच्या रचनेसाठी मिळालं त्यात तमिळनाडूत जन्मलेले वेंकटरामन रामकृष्णन होते. आपल्या प्रत्येक पेशीत प्रथिनं जोडणाऱ्या त्या यंत्राच्या गाभ्यात जोडणीचं काम प्रथिन करतच नाही, आरएनए करतो. जुन्या वाड्याच्या भिंतीत आणखी जुन्या बांधकामाचा दगड निघावा तसा हा पुरावा. यातून सगळी कथा सिद्ध होते का? नाही. पण 'मार्गच नाही' म्हणणाऱ्याला आता या दगडाचं काय ते सांगावं लागेल.

पहिल्या वक्त्यांनी आणखी एक हुकमी पान टाकलं होतं: भंगाराच्या आवारातून वादळ गेलं आणि विमान जोडून तयार झालं, असं कधी होईल का? ही उपमा खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांची, म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांच्या गुरूंची. ती वापरणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसतं की हॉईल धर्मग्रंथातल्या देवाची वकिली करत नव्हते. जीव अंतराळातून पृथ्वीवर आला, असं त्यांचं म्हणणं होतं. नारळीकरांनी ते म्हणणं नुसतं भाषणात ठेवलं नाही. हैदराबादहून मोठे फुगे सोडून ४१ किलोमीटरपर्यंतची हवा जंतुमुक्त नळकांड्यांत भरून आणवली. त्यात तीन नवे जिवाणू सापडले, २००९ मध्ये इस्रोने ते जाहीर केले आणि एकाला हॉईल यांचं नाव दिलं. ते पृथ्वीबाहेरून आले असं मात्र सिद्ध झालं नाही आणि तसं जाहीर सांगितलंही गेलं. माणसाला एखादी कल्पना पटली तर त्याने तिचं काय करावं, याचा हा नमुना आहे. राहता राहिलं विमान. एका फटक्यात पूर्ण पेशी जोडली गेली, असं या विषयात काम करणारा कोणीच म्हणत नाही. जे कोणी म्हणत नाही त्याची शक्यता शून्याच्या जवळ आहे हे गणिताने दाखवून काय मिळालं? आणि अंतराळातून जीव आला मानलं तरी तिथे तो कसा झाला, हा प्रश्न उरतोच.

'पण कोणी पाहिलंय?' हा प्रश्न तर प्रत्येक मंडपात येतो. २०१८ च्या जानेवारीत केंद्रातल्या एका राज्यमंत्र्यांनी औरंगाबादेत हेच सांगितलं होतं: माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिलं नाही, लिहून ठेवलं नाही, म्हणून डार्विन चूक. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींना एकत्र येऊन खुलासा करावा लागला. न पाहिलेल्या गोष्टींचे माग शोधायचे असतील तर लांब जायला नको. नेरुळ-सीवूड्सच्या मागे पाणथळीवर हिवाळ्यापासून फ्लेमिंगो बघायला गर्दी होते. सगळे कॅमेरे वर रोखलेले. ओहोटीला जरा खाली बघावं. तिवरांच्या मुळांशी काळ्या चिखलावर निवट्या दिसतात. मासाच तो, पण परांवर रेलून चिखलावर चालतो, उड्या मारतो, कातडीतून हवा घेतो, दुसऱ्या निवटीशी हद्दीवरून भांडतो. ही आपली पूर्वज नव्हे, आजचाच जीव आहे. पण मासा पाण्याबाहेर जगूच शकत नाही, असं व्यासपीठावरून ठासून सांगणाऱ्याने आधी एकदा ऐरोलीच्या खाडीवर जाऊन यावं. चिखलाचा वरचा थर काठीने सारला की सडक्या अंड्याचा वास येतो. शहराच्या सांडपाण्याचा त्यात वाटा आहेच, पण तो वास मुळात प्राणवायूवाचून जगणाऱ्या जिवाणूंचा. ते प्राणवायूच्या जागी सल्फेट वापरतात. त्यांच्या सोबतीला हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन बनवून त्यावर जगणारे सूक्ष्मजीवही असतात. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठायला लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. जीवांच्या खुणा सापडतात त्या जवळपास ३५० कोटी वर्षं जुन्या खडकांत. मधली शंभर कोटींहून जास्त वर्षं पृथ्वीवर अशाच बिनहवेच्या बिऱ्हाडकरूंचं राज्य होतं. समुद्रतळावरच्या उष्ण झऱ्यांपाशी जीव सुरू झाला असं मानणारे संशोधक याच हायड्रोजनवर चालणाऱ्या रसायनाकडे बोट दाखवतात. डबकेवाले आणि झरेवाले यांच्यात कडाक्याचं भांडण आहे. ते भांडण खुशाल चालू दे, कारण दोघांनाही हरायचं कसं हे माहीत आहे: प्रयोग फसला की हरले.

इथेच 'निर्माता' हे उत्तर कमी पडतं, आणि ते निर्माता असला तरी कमी पडतं. जीव कसा झाला, असं विचारणारा माणूस वाट विचारत असतो: कोणता पदार्थ, कोणती ऊर्जा, कोणत्या क्रमाने, कुठे. 'देवाने केला' या उत्तरात यातलं काहीच नाही. समजा देवानेच केला. मग त्याने मातीतून केला की झऱ्यात? आधी आरएनए केला की आधी पेशीचं आवरण? श्रद्धावंत शास्त्रज्ञालाही उद्या सकाळी प्रयोगशाळेत जाऊन तेच चंबू धुवावे लागतील जे नास्तिकाला धुवावे लागतात.

मग निर्माता मानायचा की नाही हे ठरवायचं कशावर? यावर आपल्याकडे इतका धारदार वाद होऊन गेला आहे की तो सोडून दोन्ही बाजूंनी परदेशी चंबू आणि विमानं उसनी का आणावीत, ते कळत नाही. घट आहे म्हणजे कुंभार असणार, तसं जग हे कार्य आहे म्हणजे त्याचा कर्ता असणार, हा नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांचा, दावा. दहाव्या-अकराव्या शतकात उदयनाचार्यांनी तो शिखराला नेला. पण त्याच्या कितीतरी आधी, सातव्या शतकात, कुमारिल भट्टांनी या कुंभाराची उलटतपासणी केली होती. कुंभाराला शरीर असतं. तुमच्या ईश्वराला शरीर आहे का? असेल तर ते कोणी घडवलं? नसेल तर त्याने हात कशाने हलवला? त्याने जग का निर्माण केलं? करुणेने म्हणाल, तर तेव्हा करुणा करायला कोणी जीवच नव्हता. आणि करुणेनेच केलं असतं तर सुखाचंच केलं असतं. लक्षात घ्या, हे विचारणारा माणूस चार्वाक नाही. वेद शेवटचा शब्द मानणारा, यज्ञयागाचा कट्टर कैवारी मीमांसक आहे. जैन आचार्यांनीही जग अनादि मानून कर्त्याला नकार दिला. सांख्यांचंही निर्मात्यावाचून भागत होतं. साधारण अकराशे वर्षांनी स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने जवळपास हेच प्रश्न विचारले आणि ते त्याच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये छापले गेले. तेव्हा निर्माता नाकारणं म्हणजे पाश्चात्त्यांची नक्कल, हा आरोप करणाऱ्याने आधी कुमारिलांना मिशनरी शाळेत घालून दाखवावं.

माझं न मानणं या उलटतपासणीतून येतं. दुःख का, या प्रश्नाला वेदान्ताच्या ब्रह्मसूत्रकारांनी बगल दिली नाही. ईश्वरावर पक्षपाताचा आणि निर्दयतेचा आरोप येतो हे त्यांनी मांडलं आणि कर्माचा आधार घेऊन उत्तर दिलं. पण सगळं कर्मानुसारच व्हायचं तर ईश्वराच्या हातात काय उरलं, हे मीमांसकांचं विचारणं मला आजही बिनतोड वाटतं. दोन दिवसांचं पोर रक्ताच्या आजाराने जातं तेव्हा हे प्रश्न पुस्तकी राहत नाहीत. त्यांच्यापुढे मिलरच्या चंबूत काय निघालं, याला शून्य किंमत आहे.

आस्तिकांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा पुढेच आहे. ते म्हणतात, रसायनाने जीव झाला हे मान्य. पण रसायनाचे नियम कुठून आले? मुळात काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे? इथे मी थांबतो, कारण याला माझ्याकडे उत्तर नाही आणि कोणाकडे आहे असं मला वाटत नाही. मात्र या टोकाला निर्माता ठेवणाऱ्याने बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र यांची गोष्ट लक्षात ठेवावी. विश्व प्रसरण पावतं, ते एका आदिबिंदूपासून सुरू झालं असावं, ही कल्पना मांडणारा हा माणूस स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. १९५१ मध्ये पोपमहाशयांनी या सिद्धांतात सृष्ट्युत्पत्तीची पुष्टी पाहिली तेव्हा सगळ्यात अस्वस्थ झाले ते लमेत्रच. देवाला एखाद्या सिद्धांताच्या भरवशावर उभं केलं तर उद्या तो सिद्धांत बदलल्यावर काय करणार, हे त्यांना कळत होतं. त्यांची श्रद्धा गणितावर उभी नव्हती, म्हणून ती गणिताला घाबरतही नव्हती. नियम कुठून आले याचं उत्तर 'देव' असं देऊन जो समाधानी होतो त्याला मी अडवणार नाही. फक्त तो देव नवसाला पावतो, सोमवारी उपास मागतो किंवा कोणाच्या ताटात काय असावं ते ठरवतो, इथपर्यंत यायला त्याला वेगळा पुरावा द्यावा लागेल. नियमांपासून नवसापर्यंतचा रस्ता परिसंवादात नेहमी एका दमात पार होतो.

मराठी माणसाला आणखी एक हरकत सुचायला हवी, आणि ती तिथे कोणालाच सुचली नाही याचं मला वाईट वाटलं. जोतीराव फुल्यांनी निर्मिक मानला. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात तो निर्मिक सगळ्या स्त्रीपुरुषांना सारखे हक्क देऊन जन्माला घालतो, मधे दलाल ठेवत नाही. शूद्रातिशूद्रांना उभं राहायला त्याने जमीन दिली. ती काढून घेतलीत तर समता कशावर उभी करणार? हा प्रश्न गंमतीवारी नेण्यासारखा नाही. पण जोतीरावांचा निर्मिक पेशीच्या गुंतागुंतीतून सिद्ध झालेला नव्हता. त्याचं काम न्यायाचं होतं. पहिला जीव डबक्यात झाला असं उद्या ठरलं तर त्या पुस्तकातला एकही हक्क रद्द होत नाही. आणि त्याच काळात गोपाळ गणेश आगरकर देवाचा आधार न घेता बालविवाह, केशवपन यांच्याविरुद्ध 'सुधारक' पत्रातून लिहीत होते, स्वतःची प्रेतयात्रा जिवंतपणी बघत होते. एकाने निर्मिक मानून आणि दुसऱ्याने न मानून एकाच अन्यायावर घाव घातले. समतेला निर्माता लागतोच, हे यानंतर कसं म्हणायचं? आणि निर्माता मानणारा प्रतिगामीच, हे तरी कोणत्या तोंडाने?

हा सगळा खल एका संध्याकाळपुरता असता तर मी लिहिलं नसतं. २०२३ मध्ये सीबीएसई शाळांत चालणाऱ्या एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या प्रकरणाच्या नावात फक्त आनुवंशिकता राहिली. कोविडनंतर भार हलका करायचा होता आणि बारावीत ते आहेच, असा खुलासा झाला. अठराशेहून जास्त शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी निषेधाचं पत्र लिहिलं. घोडबंदरपासून खारघरपर्यंत सीबीएसई शाळांचं पेव फुटलं आहे आणि त्यातली बरीच मुलं दहावीनंतर जीवशास्त्र सोडतात. त्यांना हा विषय पुढे कधीच भेटणार नाही. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकाचा दुसरा भाग आनुवंशिकता आणि उत्क्रांतीनेच सुरू होतो, हे त्यामानाने बरं. पण धडा असून शिकवणारा कचरत असेल तर? वर्गात एखादी मुलगी विचारते, "बाई, मग देव नाही का?" बाई गडबडतात, कारण त्यांच्याही मनात तोच सौदा पक्का बसलेला असतो. मग त्या धडा घाईघाईत उरकतात किंवा परीक्षेपुरता लिहून देतात. त्यांनी सरळ सांगावं की देवाबद्दल तू घरी ठरव, आणि माणूस, माकडं, वानर या सगळ्यांत क जीवनसत्त्व बनवणारं जनुक मोडक्या अवस्थेत का सापडतं, ते आपण इथे बघू.

शेवटची हरकत तेवढी राहिली. ती बिनतोड समजली जाते, पण आहे तकलादू. 'उद्या शास्त्रज्ञांनी जीव बनवलाच, तर त्यातून हेच सिद्ध होईल की जीव बनवायला बुद्धिमान कर्ता लागतो.' १८२८ मध्ये फ्रीडरिश वोलरने साध्या अजैव क्षारापासून युरिया बनवला. तोवर असा पदार्थ फक्त जिवंत शरीराच्या प्राणशक्तीतून होतो असं मानत होते. वोलरला तो बनवता आला, यावरून आपल्या यकृतात एक छोटा वोलर बसलेला आहे असा अर्थ कोणी काढला नाही. प्रयोग करणारा पाणी तापवतो, कारण त्याला ज्वालामुखीची वाट पाहायला सवड नसते. तो ओलं-कोरडं चक्र फिरवतो, कारण त्याच्याकडे भरती-ओहोटी नाही. जिथे निसर्गात जुळून येणार नाही अशा ठिकाणी त्याने हात घातला तर तेवढा प्रयोग बाद धरावा. या क्षेत्रातले लोक एकमेकांचे निबंध त्याच मुद्द्यावर रोज फाडतात. आणि ही हरकत खरी मानलीच, तरी तिच्यातून जो निर्माता निघतो तो पांढरा डगला घातलेला, चुकतमाकत शिकणारा, अनुदान संपलं की थांबणारा, शरीर असलेला कुंभारच; आणि त्याची उलटतपासणी तेराशे वर्षांपूर्वीच झाली आहे.